पोटावरची लव

त्या दिवशी एर्सिलियाच्या छातीत दुखलं नाही, तिथंच लोरेडानाने सावध व्हायला हवं होतं.

कारण एर्सिलियाची छाती मोठी शिस्तीची. सुनेने कुठं बाहेरगावी राहायचं नाव काढलं की ती दुखायला लागायची आणि सूनबाई भरलेली बॅग उघडून कपडे परत कपाटात लावायला लागल्या की थांबायची. मेलबर्नला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा दुखली. समुद्रावर चार दिवस जायचं ठरलं, तेव्हाही दुखली. वँगरॅटा शहरातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की हे हृदय आपल्या सगळ्यांना पोचवून मग थांबेल. पण डॉक्टरांचं ऐकून म्हातारीला एकटं सोडायचं आणि नेमकं काही झालं तर? लोक काय म्हणतील ते बाजूलाच राहू द्या, आपणच आपल्याला काय म्हणू? या एका प्रश्नावर लोरेडानाची कितीतरी वर्षं गेली.

घर ऑस्ट्रेलियातल्या मर्टलफर्ड गावाच्या बाहेर, नदीकडच्या अंगाला. मागे तंबाखू वाळवायच्या जुन्या भट्ट्या, आता नुसत्याच उभ्या. तंबाखू बंद झाली, मग सिल्व्हानो गेला. सिल्व्हानो म्हणजे एर्सिलियाचा धाकटा मुलगा, लोरेडानाचा नवरा. मूलबाळ नव्हतं. राहिल्या त्या दोघी, सासू आणि सून. अंगणापलीकडच्या घरात थोरला मुलगा फ्लाव्हियो आपल्या कुटुंबासह राहायचा, पण आईचं सगळं लोरेडानाने करायचं हे कुणी न ठरवता ठरून गेलं होतं. गावातल्या शाळेच्या कँटीनमध्ये ती काम करायची, दुपारी घरी यायची आणि मग घर तिला सोडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गावातल्या भटक्यांच्या क्लबात गेली. रविवारी सकाळी डोंगरावर जायचं, संध्याकाळी रात्रीच्या स्वयंपाकाला परत. एवढ्याला एर्सिलियाची हरकत नव्हती, नुसतं नाक मुरडून भागत होतं. पण मागच्या हिवाळ्यात एकदा बर्फाची हद्द लागली तिथून लोरेडानासारखे एका दिवसाचे लोक माघारी फिरले आणि पाठीवर मोठ्या सॅका घेतलेले चौघे वर निघून गेले. रात्री तिथंच राहणार होते ते. ती वळणावर उभी राहून बघत राहिली, दिसेनासे होईपर्यंत. मग खाली येऊन गाडीत बसून रडली. कशासाठी रडतोय हे तिला नीट कळत होतं. वय पंचावन्न, आणि स्वतःच्या मर्जीने एक रात्रही कुठं काढली नव्हती. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात जायचं. आणि पुढच्या हिवाळ्यात जमलं नाही तर मग कधीच जमणार नाही, हेही तिला कळून चुकलं होतं.

तर त्या संध्याकाळी एर्सिलिया चुलीपाशी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत उभी होती, तेव्हा लोरेडानाने एका दमात सांगून टाकलं.

"मम्मा, महिन्याने मी बोगाँगच्या पठारावर जातेय. क्लबाबरोबर. दोन रात्री."

एर्सिलियाचा हात थांबला नाही. "झोपणार कुठं?"

"तंबूत. बर्फावर."

"बर्फावर." म्हातारीने मान हलवली. "आम्ही इटलीहून बोटीत ओकत ओकत या देशात आलो ते कशाला? पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून. आणि तू छप्पर सोडून बर्फात निजायला निघालीस. पांघरायला काय?"

"स्लीपिंग बॅग घेईन एक. लव भरलेली मिळते. बदकाची, पोटावरची. हलकी असते आणि ऊब धरते."

"केवढ्याला?"

लोरेडानाने सगळ्यांत स्वस्त बॅगेची किंमत सांगितली, तीही थोडी कमी करून. एर्सिलियाने लाकडी डाव खाली ठेवला.

"तेवढ्यात डुक्कर येतं! आणि भरतात काय तर बदकाची पिसं. मग आपल्या अंगणात काय फिरतंय? बिशप?"

लोरेडाना छातीची वाट बघत होती. पण छातीकडे हात गेलाच नाही.

"मी शिवते तुला," एर्सिलिया म्हणाली. "एक पैसा खर्चायचा नाही."

लोरेडानाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर अडवणारी बाई आज स्वतः वाटेसाठी शिदोरी बांधून देते म्हणाल्यावर कुणाच्या येणार नाही? ती पुढं झाली आणि सासूच्या गालाचा मुका घेतला.

मग सुरू झालं ते शिवणकाम. एर्सिलियाने लग्नात आणलेलं गादीचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड ट्रंकेतून निघालं. रोज दोन बदकं पडायला लागली, फ्लाव्हियोच्या घरीही बदक, या घरीही बदक, शेजारी फुकटात बदक. स्वयंपाकघरात पिसंच पिसं. कॉफीत पीस, पावावर पीस. शेजारणी बघायला यायच्या आणि लोरेडानाकडे वळून म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई, अशी सासू कुठं मिळते?" यावर नशीबवान बाईने हसण्याखेरीज काय करायचं?

बेतायची वेळ आली तेव्हा एर्सिलियाने तिला स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवं केलं. कापडाची ती लांब पोतडी तिच्या अंगावर चढवली, हात आत घातले आणि तोंडात टाचण्या धरून वरून गळ्यापाशी टाचायला लागली.

"हलू नकोस."

"मम्मा, टोचतंय. सगळीकडून टोचतंय."

"टाचणी असेल."

"टाचणी पाठीला कशी टोचेल? पिसांच्या दांड्या आहेत या. लव असती तर टोचली नसती."

"पीस ते पीस. उभा जन्म बदकं साफ करण्यात गेला माझा, आता तू मला शिकव."

फ्लाव्हियो दारात उभा राहून हसत होता. "लोरी, आत शिरलीस की वरून दोरी आवळायची का? सॉसेजसारखी?"

सगळे हसले. लोरेडानाही हसली, कारण हात आत अडकलेले असताना माणूस दुसरं काय करणार? पण वर बघितलं तर सासूचा चेहरा, टाचण्या धरलेले ओठ आणि त्याच्यावर छत, आणि तिला एकाएकी वाटलं की आपल्याला जिवंतपणी शिवून टाकताहेत. ती "काढा, काढा" म्हणून ओरडणार होती, पण शेजारीण म्हणाली, "किती मायेने करतात हो!" आणि तिने ओरडणं गिळलं. मायेला नाही म्हणता येत नाही. मारक्या सासूपुढून पळता येतं, शिवणाऱ्या सासूपुढून कसं पळणार?

बॅग शिवून झाली. फ्लाव्हियोने ती सॉसेजच्या काट्याला लावून तोलली आणि शीळ घातली. लोरेडानाने ती सॅकमध्ये कोंबायचा प्रयत्न केला, अर्धीसुद्धा गेली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट वँगरॅटाला गेली.

डोंगरच्या सामानाच्या दुकानात ट्रूडी नावाची एक उंच बाई होती. लोरेडानाने आधीच सांगून टाकलं, "स्वस्तातली दाखवा. पण मरायचं नाहीये मला."

"अशी गिऱ्हाइकं मला आवडतात," ट्रूडी म्हणाली. तिने चार बॅगा काढून टांगल्या. "हा मोठ्या अक्षरातला आकडा दिसतोय ना, उणे बारा? तो बघायचाच नाही. तेवढ्या थंडीत एखादा धडधाकट बाप्या गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत रात्र काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेला बघा. तो आपला. त्यात बाईमाणसाला झोप लागते."

बारीक अक्षरात उणे पाच होतं.

"पठारावर जाताय? मग ही नको. ही घ्या बघायला. हंसाची लव महाग, बदकाची स्वस्त. बदकाची घेतली तर थोडं वजन वाढतं, ऊब तीच. फक्त किती भरलीय ते विचारायचं, नुसती फुगते किती यावर जायचं नाही. आणि शिवण बघा. आरपार शिवलेली असली की प्रत्येक टाक्यातून गारठा आत येतो. हिला आतून पडद्या आहेत, लव जागेवर राहते."

"ही इतकी स्वस्त का मग?"

ट्रूडी हसली. "रंग बघा की."

रंग कावीळ झाल्यासारखा पिवळा होता. दोन वर्षं ती बॅग कुणी घेतली नव्हती.

"आत शिरून बघा," ट्रूडी म्हणाली. "बूट काढा आणि आडव्या व्हा. लाजायचं नाही, सगळे होतात."

लोरेडाना दुकानाच्या जमिनीवर आडवी झाली आणि चेन वर ओढली. आधी काहीच वाटलं नाही. मग हळूहळू चहूबाजूंनी ते हलकं काहीतरी वर आलं, खांद्यांना लागलं, पावलांना लागलं. टोचत नव्हतं. दाबत नव्हतं. तिने डोळे मिटले. या घडीला आपण कुठं आहोत हे घरात कुणालाही माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली.

ट्रूडीने विचारलं, "झोपलात की काय?"

"नाही. घेते ही."

जाताना ट्रूडीने बजावलं, "घरी कधी दाबून ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत मोकळी ठेवा. दाबून ठेवलेली लव मरते, मग पुन्हा उठत नाही."

चोरी करायची तर लहान वस्तूची करावी. लोरेडानाने ती पिवळी बॅग सिल्व्हानोच्या कोटांच्या कपाटात लपवली, तर ती आतल्या आत फुगायची आणि कपाटाचं दार आपोआप उघडायचं. दिवसातून चारदा ती जाऊन दार लोटायची. एर्सिलिया काठी टेकत बोळातून गेली की लोरेडाना दाराला पाठ लावून उभी राहायची. स्वतःच्या कमाईची वस्तू, स्वतःच्या नवऱ्याच्या कपाटात, आणि धाकधूक अशी की जणू परपुरुष लपवलाय.

सांगायचा धीर काही होईना. शेवटी तिने एक भेकड बेत केला. बर्फात जायच्या आधीच्या गुरुवारी क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्यांचं सामान तपासलं जायचं. तपासणारी कोरल, क्लबाची म्होरकी, पिकल्या केसांची आणि कुणाची भीड न धरणारी. सासूची बॅग घेऊन जायचं. कोरल ती नापास करणारच. मग गाडीच्या डिकीतून पिवळी काढायची आणि घरी येऊन सांगायचं, काय करू मम्मा, त्या कोरलने ऐकलंच नाही. वाईटपणा परस्पर कोरलच्या माथी.

बेत चांगला होता. फक्त गुरुवारी संध्याकाळी एर्सिलिया काळा कोट घालून, केस विंचरून दारात उभी राहिली.

"मी पण येते. माझी बॅग लोक बघणार, मला नको बघायला?"

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. कोरलची तपासायची एक रीत होती, तिच्या आधीच्या म्होरक्याने घालून दिलेली. प्रत्येकाने आपली बॅग पिशवीतून काढायची, झटकायची आणि जमिनीवर पसरून ठेवायची. मग सगळ्यांनी चहा प्यायचा. चहा संपला की कोरल आपला पत्र्याचा मग प्रत्येक बॅगेशेजारी ठेवत जायची. बॅग मगाच्या वर आली तर माणूस जाणार. नाही आली तर घरी बसणार. कुणाची रदबदली चालत नसे.

लोकांनी चहा घेतला, केक खाल्ला. एर्सिलिया भिंतीकडच्या खुर्चीत ताठ बसली होती. हळूहळू निळ्या, तांबड्या, हिरव्या बॅगा जमिनीवरून उठत गेल्या. पट्ट्यापट्ट्यांची तेवढी ताटात ओतलेल्या पोलेंट्यासारखी पसरून राहिली.

कोरल आली. तिने पत्र्याचा मग शेजारी ठेवला. तो बॅगेपेक्षा उंच होता, चांगला चार बोटं. तिने कापड चिमटीत धरलं, एक दांडी बोटाला टोचली. तिने वर बघितलं, म्हातारीकडे, मग लोरेडानाकडे. कोरलला भीड नव्हती, पण डोळे होते.

"सुंदर शिवलीय," ती हळू म्हणाली. "पण लोरी, हिच्यात मी तुला नेऊ शकत नाही."

एर्सिलियाला इंग्रजी पुरतं कळत नसे, पण तो पत्र्याचा मग कळला होता. ती आपल्या गावाकडच्या बोलीत, शांतपणे, फक्त लोरेडानाला ऐकू जाईल असं बोलली.

"उठणारच नाही ती. पाठीची आणि पंखांची पिसं आहेत. मला काय कळत नाही?"

लोरेडाना वळली. "म्हणजे?"

"पोटावरची लव मी बाजूला काढली."

"कुठाय ती?"

"तुझ्या उशीत भरली. घरच्या." म्हातारीने नजर चुकवली नाही. "घरी चांगली झोप लागली तर माणूस बाहेर कशाला जाईल?"

लोरेडानाच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. छातीचं दुखणं परवडलं, ते निदान उघड होतं. हे तर महिनाभर सगळ्या गावासमक्ष, मुका घेऊ देऊन, टाचण्या लावून केलेलं. आणि सगळ्यांत जास्त संताप याचा आला की गेला आठवडाभर तिला खरोखरच फार छान झोप लागत होती.

"काय म्हणताहेत त्या?" कोरलने विचारलं.

सगळा हॉल बघत होता. लोरेडानाने एकदा म्हातारीकडे बघितलं. काळ्या कोटात ती एवढीशी दिसत होती.

"म्हणतात, पहिल्यांदाच शिवली. चुकलंमाकलं समजून घ्या."

"सांग त्यांना, शिवण एक नंबर आहे."

लोरेडानाने ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "कोरल, थांब जरा. गाडीत दुसरी आहे."

तिने डिकीतून पिवळी आणली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या शेजारी झटकून टाकली. पुन्हा वाट बघायची होती. कुणीतरी आणखी चहा ओतला. लोरेडाना हाताची घडी घालून उभी राहिली आणि तिने सासूकडे पाठ केली. मागे आता छाती धरली जाईल, खुर्ची सरकेल, कुणीतरी "अरे, अरे" म्हणेल. वळलीस तर संपलीस, ती स्वतःला सांगत होती, यावेळी वळलीस तर संपलीस.

खुर्ची सरकली. काठीचा आवाज दाराकडे गेला. दार उघडलं आणि लागलं.

पिवळी बॅग मगाच्या वर गेली. कोरलने मग उचलला आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी गाडी इथूनच सुटेल. रंग भयानक आहे हं बॅगेचा."

बाहेर एर्सिलिया गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. पट्टा तिला लावता येत नसे, तो तिने हातात धरून ठेवला होता. लोरेडानाने वाकून तो लावला. आपल्या जागी येऊन बसली, पण गाडी सुरू केली नाही.

"कधी घेतलीस?" एर्सिलियाने विचारलं.

"झाले दहाबारा दिवस."

"माझ्याच घरात लपवलीस."

"तुम्ही माझ्याच उशीत लपवलीत."

हॉलमधले लोक सामान घेऊन बाहेर पडत होते, काचेवर टकटक करून हात हलवून जात होते. लोरेडानाही हात हलवत होती.

"तू परत कशाला येशील?" म्हातारी समोर बघत म्हणाली. "नवरा नाही, पोर नाही. मी तुझी कोण? एक रात्र बाहेर काढलीस आणि जमलं, की दुसरीही जमेल. मग तिसरी. मला काय दिसत नाही?"

असं काय बोलता मम्मा, असं म्हणायचं असतं अशा वेळी. पण आज लोरेडानाला खोटं बोलवेना. परत कशाला यायचं, हे तिलाही माहीत नव्हतं.

"मला काही झालं तर?"

"फ्लाव्हियो आहे."

"फ्लाव्हियोला कॉफीसुद्धा करता येत नाही. मी मेले तर?"

"तर थांबायचं!" लोरेडाना एवढ्या जोराने म्हणाली की स्वतःच दचकली. "सोमवारपर्यंत थांबायचं. मी आल्याशिवाय मरायचं नाही. सांगून ठेवते!"

तीस वर्षांत सुनेने सासूला दिलेला हा पहिला हुकूम. एर्सिलियाने मान वळवून तिच्याकडे बघितलं, कुणी अनोळखी बाई गाडीत येऊन बसावी तसं. मग तिने मांडीवर हातावर हात ठेवला.

"सोमवारी किती वाजता?"

"जेवायच्या आधी," लोरेडानाच्या तोंडून निघून गेलं.

"बरं," म्हातारी म्हणाली. "मग थांबते."

लोरेडानाने किल्ली फिरवली. आता यावंच लागणार होतं.